कुल्ल्यातली कळ पोटरीपर्यंत: पिरिफॉर्मिस ताणायचा की आधी कंबर बघायची?

कोयनाकाठ

मी फिजिओथेरपिस्ट, एका रुग्णाबाबत सल्ला हवा आहे. पुरुष, वय ४१, ऑटोरिक्षा चालवतात, दिवसाचे ९-१० तास सीटवर. ९ आठवड्यांपासून उजव्या कुल्ल्यात खोलवर ठणका, तिथून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ, पावलाच्या बाहेरच्या कडेला अधूनमधून मुंग्या. "कंबर अजिबात दुखत नाही" असं ठामपणे सांगतात. खोदून विचारल्यावर कळलं की सकाळी उठल्यावर अर्धा तास कंबर आखडलेली असते. बसल्यावर २०-२५ मिनिटांत दुखायला लागतं, उठून चाललं की पाचेक मिनिटांत उतरतं. शिंक आली की कुल्ल्यात चमक जाते.

तपासणी: एसएलआर (पाठीवर झोपवून सरळ पाय उचलणं) उजवीकडे ५५ अंश, डावीकडे ८०. स्लम्पमध्ये (पाठ गोल करून बसवून गुडघा सरळ करण्याची चाचणी) मांडीच्या मागे ताण येतो. मान वर केल्यावर एकदा म्हणाले कमी झाला, दुसऱ्यांदा म्हणाले फरक नाही. टाचांवर आणि चवड्यांवर चालणं व्यवस्थित. अँकल जर्क (घोट्याचा प्रतिक्षेप) दोन्हीकडे सारखा. फेअर टेस्ट (पिरिफॉर्मिस ताणून बघणारी चाचणी) पॉझिटिव्ह. सायटिक नॉचवर (कुल्ल्यात सायटिक नस बाहेर पडते ती खाच) अंगठा दाबला की "हेच ते दुखणं". एमआरआयमध्ये एल४-एल५ आणि एल५-एस१ला (कमरेच्या मणक्यांमधल्या सगळ्यात खालच्या दोन गाद्या) बल्ज म्हणजे फुगवटा, थीकल सॅकवर (नसांभोवतीची पिशवी) किंचित दाब. चिठ्ठीवर निदान 'पिरिफॉर्मिस सिंड्रोम', म्हणजे कुल्ल्यातल्या खोल पिरिफॉर्मिस स्नायूने सायटिक नस दाबणं.

आतापर्यंत दिलेलं: पाठीवर झोपून फिगर-फोर स्ट्रेच (एक घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून पाय छातीकडे ओढणं), ३० सेकंद धरून ५ वेळा, दिवसातून ४ वेळा. टेनिस बॉलवर बसून कुल्ला दाबणं. कुल्ल्यावर अल्ट्रासाउंड ८ मिनिटं आणि आयएफटी (इंटरफेरेन्शिअल, विजेच्या प्रवाहाचं मशीन) १५ मिनिटं, १० सिटिंग झाली. दोन आठवड्यांनंतर कुल्ला तसाच, पण अधूनमधून येणाऱ्या मुंग्या आता दुपारनंतर सतत असतात. स्ट्रेच कमी पडतोय की चुकतोय?

---

मणकेबाज

चुकतोय. आजपासून बंद करा, टेनिस बॉलसकट.

मुंग्या अधूनमधूनच्या सतत झाल्या, याचा अर्थ नस आधीपेक्षा जास्त चिडली आहे. कुल्ल्याला बरं वाटतंय का हा प्रश्न दुय्यम. नसेच्या दुखण्यात सगळ्यात लांबचं लक्षण कुठे आहे आणि ते किती वेळ राहतं, यावर नजर ठेवायची. पावलातल्या मुंग्या वाढत असतील तर वर कितीही मोकळं वाटलं तरी उपचार उलटा चाललाय.

स्नायू ताणला की सैल पडतो हे ठीक, पण त्याच्या खालून जाणारी नसही त्याच वेळी ताणली जाते आणि नसेला तो धरून ठेवलेला ताण मानवत नाही. १९७३ साली सशाच्या टिबियल नसेवर झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे: नस ८ टक्के ताणली की तिच्यातल्या बारीक शिरांमधून रक्त परत जाणं मंदावतं, १५ टक्क्यांवर रक्ताभिसरण ठप्प होतं. निरोगी नस थोडा वेळ हे सोसते. आधीच सुजलेली नस ३० सेकंद × ५ × ४, म्हणजे दिवसाला १० मिनिटं, कशी सोसेल?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती बहुतेक वेळा नजरेतून सुटते. फिगर-फोर करताना रुग्ण गुडघा छातीकडे ओढतो तेव्हा त्याच्या माकडहाडाखाली हात घालून बघा. शेवटच्या टप्प्यात ढुंगण टेबलावरून उचललं जातं आणि कंबर गोल होते. दुखण्याचं मूळ गादीत असेल, तर कुल्ल्याचा व्यायाम म्हणून तुम्ही दिवसातून २० वेळा कंबरेला वाकवण्याचा व्यायाम देताय.

आता फेअर टेस्टविषयी. खुबा वाकवून, पाय आत घेऊन, आत फिरवल्यावर पिरिफॉर्मिस ताणला जातो हे खरं. त्याच स्थितीत सायटिक नसही ताणली जाते आणि बाहेरच्या बाजूला ग्लुटियसचे टेंडन मांडीच्या हाडावर दाबले जातात. म्हणजे फेअर पॉझिटिव्ह आली तर दुखणं यातल्या कशाचंही असू शकतं. नॉचवर दाबून दुखणं ही तशीच भानगड: वर मुळाशी चिडलेली नस पुढे सगळ्या वाटेवर हळवी होते.

आणि एमआरआयकडे बघून "बल्ज आहे म्हणजे कंबरच" असंही म्हणू नका. काहीही न दुखणाऱ्या चाळिशीच्या लोकांचे एमआरआय काढले तर निम्म्यांमध्ये बल्ज सापडतो. रिपोर्ट रुग्णाच्या तक्रारीशी आणि तपासणीशी जुळला तरच कामाचा.

---

अनुस्वार

फेअरबद्दल सहमत, पण मणकेबाज, तुम्ही कंबरेकडे जरा लवकर झुकताय. बसल्यावर दुखणं, चालल्यावर उतरणं, कंबरेची तक्रार नगण्य, हे डीप ग्लुटियलचंही (कुल्ल्याच्या खोल भागात नस दबण्याचं) ठरलेलं चित्र आहे. कोडं सोडवायचं तर कंबर आणि खुबा वेगवेगळे हलवून बघावे लागतील.

कोयनाकाठ, सगळ्यात स्वस्त चाचणी अशी. रुग्णाला टणक स्टुलावर बसवा, दुखणं सुरू होईपर्यंत बसू द्या. मग पाय, मांड्या, बसायची जागा जराही न हलवता कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी लावा, साधारण मनगटाएवढी जाड. दोन-तीन मिनिटांत पायातलं दुखणं वर सरकलं किंवा कमी झालं तर कंबरेवर संशय पक्का होतो, कारण कुल्ल्यावरचा भार जवळजवळ तोच होता. गुंडाळीने ढिम्म फरक नाही, पण डाव्या कुल्ल्यावर भार टाकून उजवा किंचित उचलला की लगेच सुटतं, तर कुल्ल्यातच काहीतरी आहे.

मग कुल्ल्यासाठी दोन चाचण्या जोडीने करा, एकट्या फेअरवर विसंबू नका. पहिली बसून: गुडघा तुम्ही सरळ करा, पाय आत घेऊन आत फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं बसायच्या हाडाच्या बाहेरच्या अंगाला व नॉचवर ठेवा. दुसरी कुशीवर: दुखरी बाजू वर, टाच टेबलात रोवायला सांगा आणि तुमच्या हाताविरुद्ध गुडघा वर व बाहेर ढकलू द्या, बोटं तिथेच. दोन्हींत नेहमीचंच दुखणं उमटलं तर वजन द्यायचं.

एसएलआर तुम्ही अर्धी सोडलीय असं वाटतं. ५५ अंशांवर दुखलं हे लिहिलंत, कशाने दुखलं? दुखायला लागलं त्या जागेवरून पाय ५ अंश खाली घ्या, दुखणं जाऊ द्या, मग पाऊल वर ओढा. दुखणं परतलं तर नस. काहीच झालं नाही तर हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) आखडलेली असण्याची शक्यता जास्त. स्लम्पमध्येही हाच नियम, फक्त मान हलवताना कंबर सरळ होऊ देऊ नका. तुमच्या रुग्णाची उत्तरं दोनदा वेगळी आली ती बहुधा त्यामुळे. मान वर करताना ते नकळत पाठही ताठ करत असणार. एक हात मानेच्या बुडाशी ठेवून पाठ गोलच धरून ठेवा.

एक अवांतर: "नस पिरिफॉर्मिसला भोक पाडून जाते म्हणून सायटिका" हे प्रत्येक परिसंवादात ऐकू येतं. शवविच्छेदनांत अशी वेगळी रचना साधारण १६-१७ टक्के लोकांत सापडते, आणि पिरिफॉर्मिसचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांतही प्रमाण जवळपास तेवढंच. म्हणजे नुसत्या रचनेवर खापर फोडता येत नाही.

---

मणकेबाज

अनुस्वार, टॉवेलची चाचणी उत्तम. त्याच्या जोडीला कंबरेच्या वारंवार हालचालीची चाचणी करा, म्हणजे एकाच बैठकीत बरंच उलगडेल.

आधी तीन खुणा लिहून ठेवा: एसएलआरचा अंश, मुंग्या कुठपर्यंत (बोट ठेवून दाखवायला सांगा), आणि उभ्याने पुढे वाकल्यावर बोटं जमिनीपासून किती सेंटिमीटरवर. मग पालथं झोपवा, २-३ मिनिटं नुसतं. नंतर कोपरांवर, आणखी २-३ मिनिटं. पायातलं दुखणं वाढलं नाही तर तळहात खांद्यांखाली ठेवून छाती वर, ओटीपोट टेबलालाच. सगळं काम हातांचं. कंबर आणि कुल्ले मेलेल्या माशासारखे ढिले. वर गेल्यावर श्वास सोडायचा, कंबर 'लोंबू' द्यायची, लगेच खाली. १० वेळा, मग खुणा पुन्हा तपासा. असे ३ संच.

इथे नेहमी होणाऱ्या चुका: कुल्ले आवळून धरणं (मग कंबर वाकतच नाही), हात खूप पुढे ठेवणं (अर्धीच उंची मिळते), आणि २-३ वेळा करून "काही फरक नाही" म्हणत सोडून देणं. आणि आधी उभं करून मागून बघा: धड एका बाजूला सरकलेलं असेल तर सरळ वर उठण्याने पाय आणखी दुखेल. अशा वेळी आधी भिंतीला खांदा टेकवून ओटीपोट भिंतीकडे ढकलायचं, १०-१५ वेळा, मग पालथं.

दुखणं पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात, कुल्ल्यातून कमरेत असं वर सरकलं तर दिशा सापडली. खाली सरकलं आणि थांबल्यावरही खालीच राहिलं, तर ती हालचाल बंद.

---

कोयनाकाठ

दोघांचेही आभार. सगळं करून बघितलं. एसएलआर: पाऊल ओढल्यावर कळ परतली. गुंडाळी लावून ४० मिनिटं बसले, आधी २० मिनिटांत सुरू व्हायचं. कुशीवरची चाचणी निगेटिव्ह, बसून केलेली किंचित पॉझिटिव्ह. धड सरकलेलं नाही. पालथ्याने ३ संचांनंतर पावलातल्या मुंग्या गेल्या, पोटरी मोकळी, एसएलआर ५५वरून ६८. पण कुल्ल्याच्या वरच्या भागात आणि कमरेत दुखायला लागलं. रुग्ण नाराज: "कंबर दुखत नव्हती ती तुम्ही दुखवलीत." पुढे चालू ठेवू का? आणि नसेच्या ग्लायडिंगला (नस पुढे-मागे सरकवण्याच्या व्यायामाला) कधी हात घालायचा?

---

मणकेबाज

चालू ठेवा, हाच तर पुरावा. पाय सुटला आणि कंबर धरली, म्हणजे दुखणं उगमाकडे परतलं. न्यूझीलंडच्या फिजिओ रॉबिन मॅकेन्झींनी १९५६ साली ज्या रुग्णावरून हे हेरलं, त्याचाही पाय असाच पालथ्या स्थितीत सुटला होता. रुग्णाला हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवावं लागतं, नाहीतर तो दुसऱ्या दिवशी दुसरा फिजिओ गाठतो. "कंबर दुखली तर चालेल, पाय दुखता कामा नये" एवढं वाक्य पुरतं.

मात्रा: १० वेळा, जागेपणी दर दोन-तीन तासांनी, म्हणजे दिवसाला ५-६ फेऱ्या. रिक्षावाल्यांना दिवसभर पालथं पडायला जागा कुठली? स्टँडवर उभ्याने: पाय खांद्याएवढे लांब, हात कमरेवर, अंगठे मणक्याशेजारी, मागे वाकायचं, १० वेळा. पालथ्याइतकं प्रभावी नाही, पण तीन तास काहीच न करण्यापेक्षा बरं. सकाळच्या पहिल्या तासात मणक्यांमधली गादी रात्रभर पाणी शोषून फुगलेली असते. त्या वेळी पुढे वाकून चप्पल उचलणं, वाकून रिक्षा पुसणं, सगळं टाळायला सांगा. भारतीय संडासात खोल उकिडवं बसणं हेही कमरेचं पूर्ण वाकणंच. एक-दोन आठवडे कमोड वापरता आला तर फार मोठा फरक पडतो.

आणि कायमचं "वाकू नका" करून ठेवू नका. पावलात व पोटरीत सलग ५-७ दिवस काही नसेल तर पुढे वाकणं हळूहळू परत आणायचं: पाठीवर झोपून गुडघे छातीशी, ५-६ वेळा, आणि लगेच नंतर पालथ्याचा एक संच. मुंग्या परतल्या तर दोन दिवस थांबा.

---

अनुस्वार

ग्लायडिंग आताच सुरू करता येईल, पण स्लायडर, टेन्शनर नव्हे. हा गोंधळ इतका सर्रास आहे की सविस्तर लिहिते.

टेन्शनर म्हणजे नस दोन्ही टोकांकडून ओढणं: पाऊल वर, मान खाली. स्लायडर म्हणजे एका टोकाने ओढताना दुसऱ्याने सोडणं, दोरा सुईच्या नेढ्यातून पुढे-मागे सरकावा तसं. तुमच्या रुग्णाला दुसरा हवा.

खुर्चीच्या कडेवर ताठ बसवा, कमरेत तीच गुंडाळी. उजवा गुडघा सावकाश सरळ होतो तेव्हा नजर छताकडे जाते. गुडघा खाली वाकतो तेव्हा हनुवटी छातीकडे येते. एवढंच. गुडघा पूर्ण सरळ व्हायलाच हवा असं नाही; मांडीच्या मागे पहिला ताण जाणवला की तिथून परत. वर दोन सेकंद, खाली दोन सेकंद, कुठेही थांबायचं नाही. १० वेळा, एक मिनिट विश्रांती, आणखी १०. दिवसातून तीनदा.

मान दुखत असेल तर पाठीवर झोपून: मांडी दोन्ही हातांनी उभी धरायची, गुडघा सरळ होताना पाऊल खाली झुकवायचं, गुडघा वाकताना पाऊल वर ओढायचं. इथे हमखास उलटं होतं. सगळे सवयीने गुडघा सरळ करताना पाऊलही वर ओढतात आणि स्लायडरचा टेन्शनर होऊन बसतो. पहिले दोन दिवस तुमच्यासमोर करून घ्या, कागदावर चित्र देऊन भागत नाही.

हिशेब असा: करताना हलका ताण चालेल. मुंग्या आल्या तर थांबल्यावर मिनिटभरात गेल्या पाहिजेत. १० मिनिटांनीही रेंगाळल्या तर पुढच्या वेळी गुडघा १५ अंश कमी सरळ करा आणि आकडा निम्मा. दुसऱ्या दिवशी सकाळी एसएलआर घटलेली दिसली तर आदल्या दिवशीची मात्रा जास्त झाली.

कुल्ल्याकडेही थोडं बघावं लागेल, कारण बसून केलेली चाचणी किंचित का होईना पॉझिटिव्ह आहे. पण ताणून नाही, ताकद देऊन. दुसऱ्या आठवड्यापासून ब्रिज (पाठीवर झोपून कुल्ले उचलणं), मग एका पायावर भार वाढवत ब्रिज, कुशीवर गुडघे वाकवून साइड प्लँक, २० सेंटिमीटरच्या पायरीवर चढ-उतार. १० चे ३ संच, आठवड्यातून तीन दिवस. पायरी उतरताना गुडघा आत कोसळतोय का ते समोरून बघा. क्लॅम (कुशीवर झोपून वरचा गुडघा उघडणं) देणार असाल तर ओटीपोट मागे लोळू देऊ नका, नाहीतर तो व्यायाम नुसता दाखवायचा.

---

निमगावकर

व्यायामाचं सगळं मान्य. पण मशीनबद्दल कोणीच बोलत नाही. गावाकडे "मशीन लावलं नाही" म्हणजे उपचारच झाला नाही असं धरतात. ट्रॅक्शनवर (कंबर ओढणाऱ्या यंत्रावर) झोपलेल्या रुग्णाला त्या २० मिनिटांत बरं वाटतं हे नाकारता येत नाही. मग का नको?

---

अनुस्वार

बरं वाटतं, पण टेबलावरून उतरून मोजे घालेपर्यंतच. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कंबरदुखी आणि सायटिकासाठी ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स (तेही विजेच्या प्रवाहाचं मशीन), इंटरफेरेन्शिअल आणि कमरेचे पट्टे देऊ नयेत असं स्पष्ट आहे. कुल्ल्यावरच्या अल्ट्रासाउंडचा तर हिशेबच जमत नाही: वर चरबी, मग ग्लुटियस मॅक्सिमसचा जाड थर, त्याच्या खाली पिरिफॉर्मिस. तिथवर पोचेपर्यंत ऊर्जा उरते किती?

माझा आक्षेप वेळेवर आहे. ४० मिनिटांच्या बैठकीतली ३० मिनिटं मशीनवर गेली तर स्लायडर बघायला कोण थांबतं? शेक द्यायचाच असेल तर व्यायामाआधी हॉटपॅक १५ मिनिटं कमरेला, आणि तेवढ्या वेळात रुग्णाशी बोलून घ्या. बधिर पोटरीवर किंवा पावलावर गरम पाण्याची पिशवी मात्र अजिबात नको, मधुमेह असेल तर मुळीच नको. भाजलेलं कळत नाही, आणि ते भरून यायला सायटिकापेक्षा जास्त दिवस लागतात.

पूर्ण झोपून राहण्याचा सल्लाही असाच जुना. १९९९ साली नेदरलँड्समध्ये तपासलं गेलं: दोन आठवडे बिछान्यात राहिलेले आणि जमेल तसे हिंडते-फिरते राहिलेले, दोन्ही गट सारखेच बरे झाले.

---

सांधेबदल

चर्चा छान चालली आहे, पण हा धागा रुग्णही वाचत असणार, म्हणून थोडं तातडीचं.

लघवीची जागा, गुदद्वार आणि मांड्यांचा आतला भाग, म्हणजे सायकलच्या सीटला टेकतो तो सगळा भाग बधिर वाटणं. लघवी लागूनही न सुटणं किंवा नकळत गळणं. दोन्ही पायांत कळा. यातलं काहीही नव्याने सुरू झालं तर फिजिओकडे जायचं नाही, त्याच दिवशी मणक्याचा सर्जन आणि एमआरआय असलेलं रुग्णालय गाठायचं. कॉडा इक्विना आहे तो, म्हणजे मणक्याच्या तळाकडचा नसांचा जुडगा दबणं. तिथे तासांचा हिशेब असतो, सोमवारची वाट बघायची नसते. विचारताना "लघवीचा त्रास आहे का?" असं मोघम विचारलं तर पन्नाशीचे पुरुष हमखास "आहे की, प्रोस्टेट" म्हणतात. "धुताना हात लागल्याचं कळतं का?" असं विचारा.

पाऊल लुळं पडण्याची खूण रुग्ण वेगळ्या शब्दांत सांगतात: चालताना चप्पल पायातून निसटते, पायरीला अंगठा अडकतो. टाचांवर दहा पावलं चालवून आणि अंगठा तुमच्या बोटाविरुद्ध वर उचलायला लावून बघा; एल५ नसेची कमजोरी तिथे उघड पडते. एस१साठी एका पायावर चवडे उचलणं, दोन्ही पायांवर नव्हे, आणि एकदा नव्हे तर १०-१५ वेळा. कोयनाकाठ, तुमच्या रुग्णाच्या मुंग्या पावलाच्या बाहेरच्या कडेला आहेत, म्हणजे एस१. चवड्यांवर चालणं ठीक असलं तरी एकेका पायावर मोजून घ्या. चांगला पाय १५ आणि दुखरा ७ असेल, तर नुसतं चालण्यात ते लपून जातं. हा आकडा दर आठवड्याला लिहा. घटत गेला तर सर्जनना कळवा.

सोंगं घेणारे आजारही आहेत. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षय डोक्यात हवाच. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. एका पट्ट्यात आग आणि कातडीला कपडाही सहन होत नसेल तर दोन-चार दिवस पुरळाची वाट बघा. नागीण उठायच्या आधी हुबेहूब सायटिकासारखी वागते. खुबा आत फिरवताना अडतोय आणि जांघेत दुखतंय, त्यात स्टेरॉइड घेतल्याचा किंवा दारूचा इतिहास, तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला नाही ना, हे बघून घ्या. साठीपुढचा माणूस चालल्यावर पाय भरून येतात, वाकून किंवा बसून सुटतात असं सांगत असेल तर मणक्याची नळी अरुंद झालेली असण्याची शक्यता मोठी. तिथे वर लिहिलेलं पालथं उठणं उलट त्रास देतं. त्यांना पुढे वाकण्याच्या बाजूचे व्यायाम आणि सायकलिंग.

आणि पायाची तक्रार कुल्ल्यात इंजेक्शन घेतल्या क्षणापासून सुरू झाली असेल, विजेसारखी कळ त्याच वेळी गेली असेल, तर सुई नसेला लागलीय. कुल्ल्याचा वरचा-बाहेरचा चतुर्थांश सोडून दिलेल्या इंजेक्शनांनी आपल्याकडे अजून पाय लुळे पडतात.

---

कोयनाकाठ

एका पायावर चवडे उचलणं: डावा १६, उजवा १३. नोंदवलं. धुताना स्पर्श कळतो, ताप-वजन काही नाही. पाच दिवस झाले, मुंग्या आता फक्त रिक्षा चालवताना तासाभराने. घरी काही नाही. दोन प्रश्न उरले. रिक्षाच्या सीटचं काय करायचं? आणि किती आठवडे वाट बघून इंजेक्शन-ऑपरेशनकडे पाठवायचं?

---

मणकेबाज

सीटचं आधी. ऑटोत ब्रेक उजव्या पायाने, आणि शहरातल्या गर्दीत तो पाय सतत पेडलच्या वर अर्धवट उचललेला, किंचित बाहेर फिरवलेला. म्हणजे उजव्या कुल्ल्याचे बारीक स्नायू दिवसभर आवळलेले आणि कंबर गोल. शिवाय बरेच चालक सवारी शेजारी घेतात आणि स्वतः सीटच्या कडेला अर्ध्या कुल्ल्यावर बसतात. ते पहिलं बंद.

मागच्या खिशातलं पाकीट, सुट्ट्या पैशांची पुरचुंडी, मोबाइल, सगळं पुढच्या खिशात किंवा हँडलखालच्या कप्प्यात. सीटवर ५-७ सेंटिमीटर जाडीचा, मागे उंच आणि पुढे उतरता, घट्ट फोमचा तुकडा. सोफ्याची डागडुजी करणाऱ्याकडे कापून मिळतो. बोटाने दाबल्यावर तळाला टेकणारा मऊ फोम नको. मूळव्याधीसाठी मिळणारी हवेची रिंगही नको, तिच्या कडेचा दाब नेमका चुकीच्या जागी येतो. पाठीमागच्या दांडीला टॉवेलची गुंडाळी सुतळीने बांधून टाकायची, नाहीतर दुसऱ्या खड्ड्याला खाली पडते. बसून उंची वाढल्यामुळे ब्रेकपर्यंत पाय नीट पोचतो ना आणि डोकं हुडाला लागत नाही ना, हे गाडी उभी असताना तपासायचं. मुंग्या तासाने येत असतील तर उतरायचं ४० मिनिटांनी, मुंग्या आल्यावर नव्हे.

---

सांधेबदल

दुसऱ्या प्रश्नाचं. पावलाची ताकद टिकून असेल आणि लक्षणं वर सरकत असतील तर घाई नाही. गादीचा बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे मोठा, सुटून पडलेला तुकडा लहान फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरघळतो. ६ ते १२ आठवड्यांची असह्य सायटिका असलेल्या रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेला २००७चा अभ्यास रुग्णाला सांगण्यासारखा आहे: लवकर ऑपरेशन केलेल्यांचा पाय लवकर सुटला, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. मात्र थांबायला सांगितलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना अखेर ऑपरेशन करून घ्यावंच लागलं, हेही त्याच दमात सांगा. ते लपवलं तर रुग्णाची फसवणूक होते.

तुमच्या रुग्णासाठी माझं गणित: आजपासून ६ आठवडे. चवडे उचलण्याचा उजव्या पायाचा आकडा १३वरून वाढला पाहिजे, निदान घटू नये. मुंग्या पोटरीच्या खाली परत उतरून तिथेच बसल्या, किंवा ६ आठवड्यांनी रात्रीची झोप अजून मोडत असेल, तर सर्जनचं मत घ्या. प्रीगॅबालिन (नसेच्या दुखण्यावरची गोळी) चालू असेल तर तिच्या भरवशावर राहू नका, २०१७च्या चाचणीत सायटिकावर ती साध्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. पण स्वतःहून एकदम बंदही करू देऊ नका, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांनाच मात्रा उतरवायला सांगा.

---

कोयनाकाठ

गोळी चालू आहे, ७५ मिलिग्रॅम रात्री. दिवसा झापड येते का हे विचारायचं राहूनच गेलं, रिक्षा चालवतात म्हणजे ते आधी विचारायला हवं होतं. उद्या विचारतो आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन करतो.

---

अनुस्वार

हो, ते आधी. आणि पुढच्या वेळी येतील तेव्हा स्लायडर करायला सांगा, पण तुम्ही काही बोलू नका, नुसतं बघा. पाऊल कुठल्या दिशेला जातंय ते आधी.